गच्चीवरचे मन्मथप्पा

मन्मथप्पांना 'लवकर' हा शब्द खपत नसे. कुणी म्हणालं, "अप्पा, जरा लवकर करा," की ते हातातला पाना खाली ठेवत, समोरच्याकडे शांतपणे बघत आणि म्हणत, "आगु." आगु म्हणजे तेलुगूत थांब. अप्पा देगलूरचे. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषा त्यांना येत होत्या आणि चारींमध्ये त्यांना नाही म्हणता येत होतं. साहेबांना, साहेबांच्या साहेबांना आणि एका पुढाऱ्याच्या मेव्हण्याला त्यांनी नाही म्हटलेलं मी स्वतः पाहिलं आहे. मला एकदाच नाही म्हणायची वेळ आली, तेव्हा नेमके ते गावाला गेले होते आणि मी हो म्हणून बसले. ती गोष्ट पुढे येईलच.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. गावात रोज एखादी नवी कचेरी उघडायची. पाट्या रंगवणाऱ्याकडे तर लग्नसराईतल्या आचाऱ्याइतकी गर्दी. एका खात्याचं दप्तर भाड्याच्या घरातल्या न्हाणीत ठेवलं होतं, कारण न्हाणीला कडी होती आणि तशीही ती कोरडीच होती. दोन वर्षं पाऊस धड झाला नव्हता. नळ आला तर आला, नाहीतर टँकर. नव्या जिल्ह्यात बदलून आलेले अधिकारी पहिल्या दिवशी हार घालून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी बादली घेऊन रांगेत उभे राहायचे, हे बघून आम्हा खालच्या माणसांना थोडं बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

आमची प्रयोगशाळा बियाणं तपासण्याची. मी नांदेडहून नवीनच लागलेली. काम ऐकायला साधं. शेतकऱ्यांनी बियाण्यासाठी पिकवलेल्या धान्याचे नमुने यायचे. ओल्या कागदावर शंभर-शंभर दाणे मांडायचे, कागदाची गुंडाळी करून पंचवीस अंशांच्या खोलीत ठेवायची आणि ज्वारी असेल तर दहाव्या दिवशी उघडून मोजायचं. शंभरातले पंच्याहत्तर उगवले तर बियाणं पास. नाही उगवले तर त्याच धान्याला बाजारात खाण्याचं धान्य म्हणून जावं लागायचं आणि ज्यांनी त्याच्यावर पेरणीची भिस्त ठेवली ते बसायचे हात चोळत. सगळा खेळ त्या पंचवीस अंशांचा होता. लातूरच्या मे महिन्यात आणि लातूरच्या डिसेंबरात खोली पंचविसावर धरून ठेवणारं यंत्र गच्चीवर बसवलेलं होतं आणि यंत्राला धरून ठेवणारे होते मन्मथप्पा.

हे यंत्र परदेशी मदतीतून आलं होतं. भलामोठा पत्र्याचा पेटारा. मुंबईची माणसं आली, क्रेननं तो गच्चीवर चढवला, इंग्रजीतलं एक जाडजूड पुस्तक साहेबांच्या हाती दिलं आणि गेली ती गेलीच. अप्पा त्याआधी नांदेडला बर्फाच्या कारखान्यात होते. शिक्षण सातवी. त्यांनी ते पुस्तक माझ्याकडून वाचून घेतलं. दुपारी जेवण झालं की मी वाचायची, अर्थ सांगायची आणि अप्पा डोळे मिटून ऐकायचे. एका पानावर ते म्हणाले, इथं लिहिणाऱ्याला स्वतःलाच समजलेलं नाही. मी हसले. आठवडाभरानं त्यांनी पत्रा उघडून दाखवलं, तर चित्रात दोन तारा खरोखरच उलट दाखवलेल्या होत्या.

पेटी उघडण्याआधी त्यांचा एक रिवाज होता. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी ते शर्टाच्या आतल्या खिशात टाकत आणि वरून बटण लावत. मी विचारलं, तर म्हणाले, "देवाला करंट कशाला?" मग कानावर विडी ठेवल्यासारखी पेन्सिल ठेवून कामाला लागत. विडी ते ओढत नसत. पेन्सिल वहीसाठी. यंत्राची एक वही होती, पानांवर छापील आकडे असलेली. तिच्यात ते रोज दोन ओळी लिहीत. अक्षर पोरासारखं, मोठं मोठं, पण लिहिलेलं कधी खोडलेलं मी पाहिलं नाही.

डिसेंबरातल्या एका सकाळी त्यांनी मला गच्चीवर बोलावलं आणि यंत्राच्या बाहेरच्या पंख्यासमोर हात धरायला लावला. पंख्यातून येणारी हवा गच्चीवरच्या गारठ्याहूनही गार होती. मी हात मागे घेतला. अप्पा खूश. म्हणाले, खाली खोली गरम होऊन राहिली आहे ना, ती ऊब इथूनच गेली. या थंड हवेतसुद्धा ऊब असते. यंत्र ती काढून घेतं आणि खाली पोचवतं, म्हणून इथं उरलेली हवा अजून गार. उन्हाळ्यात हेच उलटं चालतं, खालची गरमी वर आणून टाकतं. मी विज्ञानाची पदवी घेतलेली बाई. हे मला पुस्तकात वाचून कळलं नव्हतं, हात गारठल्यावर कळलं.

मग त्यांनी खोलीतली भिंतीवरची डबी उघडून दाखवली. आत काचेच्या दोन छोट्या गोळ्या, दोन्हींत पारा. खोली थोडी गार झाली की पहिली गोळी कलते, पारा सरकतो आणि वर पहिला कॉम्प्रेसर सुरू होतो. टक. त्याला काही वेळ द्यायचा. त्याच्यानं नाहीच झालं, खोली आणखी उतरली, तर दुसरी गोळी कलते आणि दुसरा कॉम्प्रेसर. पुन्हा टक. तरीही खोली फारच मागे असेल तर सर्वांत शेवटी विजेच्या कॉइली, आपल्या घरच्या शेगडीत असतात तशाच, पण दांडग्या. तिसरी टक. अप्पांचं म्हणणं, शहाणं यंत्र तेच, ज्याची तिसरी टक ऐकू येत नाही. पहिल्या गड्यानं काम होत असताना तिघांना कामाला लावणारा मुकादम मूर्ख. ते खाली व्हरांड्यात चहा पीत असत आणि वरची टक ऐकून कितवी ते सांगत. कितीदा तरी मी वर जाऊन पाहिलं, कधी चुकले नाहीत.

आणि आमचे लोक काय करायचे, तर सकाळी खोली गार दिसली की भिंतीवरचं गोल बटण गर्रकन पस्तिसावर फिरवायचे. म्हणजे खोली लवकर तापेल. चुलीत लाकूड जास्त सारलं की भाकरी लवकर होते, तसा हिशोब. साहेबसुद्धा हेच करायचे. अप्पांनी त्यांना दोनदा समजावलं. पस्तीस म्हटलं की यंत्राला वाटतं खोली दहा-पंधरा अंशांनी मागे आहे, आग लागल्यासारखं ते तिन्ही टप्पे एकदम लावतं, कॉइली लाल होतात आणि खोली पंचविसावर न थांबता पुढे जाते. साहेब हो हो म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पस्तीस. त्या दिवशी अप्पांनी ते गोल बटण उपटून काढलं आणि खिशात टाकलं. उरली नुसती बारीक दांडी, ती बोटांनी फिरत नव्हती. साहेब चिडले, सरकारी मालमत्ता म्हणाले. अप्पा म्हणाले, मालमत्ता माझ्या खिशात आहे, लागेल तेव्हा मागा, कशाला पाहिजे ते सांगा.

साहेब मुळात वाईट नव्हते. पुण्याकडचे, घरची माणसं तिकडेच, इथं नव्या जिल्ह्यात मनाविरुद्ध आलेले. वरून फोन आला की उभं राहून बोलायचे. उभं राहून फोनवर बोलणाऱ्या माणसाबद्दल मला राग धरता येत नाही, कारण मीही तशीच होते.

एकदा मुंबईहून एक बडे अधिकारी यंत्र बघायला आले. ते वर चढले आणि नेमकी वीज गेली. मिनिटाभरात आली. यंत्र मात्र गप्प. अधिकाऱ्यांनी विचारलं, वीज आली तरी चालू का होत नाही. अप्पा हात बांधून उभे. म्हणाले, "इचार करून राहिलंय, साहेब." आमच्या साहेबांचा चेहरा पडला. खरी गोष्ट अशी की बंद पडल्यावर आतल्या गॅसचा दाब बरोबरीला यायला वेळ लागतो. त्याआधी कॉम्प्रेसर रेटला तर जळतो. म्हणून यंत्रात पाच मिनिटांचं घड्याळच बसवलेलं असतं. अप्पांनी हे सांगितलं, पण बड्या माणसाला पाच मिनिटं थांबायची सवय नसते. ते म्हणाले, घड्याळ काढा, तार जोडा, चालू करा. अप्पा म्हणाले, "करतो की. टाइमाच्या आदी चालू कर म्हणून लिहून द्या फक्त." अधिकाऱ्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, पुन्हा लावलं. तेवढ्यात पाच मिनिटं झाली आणि वर टक झाली. परत जाताना अप्पांनी त्या साहेबांना जिन्यात हात देऊन उतरवलं, हे मला आवडलं.

दुष्काळात या यंत्राचा एक वेगळाच मान वाढला. पावसाळ्याचे दिवस, पाऊस नाही, नुसतं दमट उकडायचं. यंत्र खोली गार करताना हवेतला ओलावा पाण्यासारखा टपकायचा. नळीखाली अप्पांनी बादली लावली. दिवसाला दोन बादल्या, काचेसारखं पाणी. बघता बघता कचेरीतल्या लोकांच्या कळश्या गच्चीवर दिसायला लागल्या. अप्पांनी कळश्या उचलून खाली आणून ठेवल्या. आधी बियाण्याचे कागद भिजतील, खोलीतला ओलावा राखला जाईल, मग उरलं तर माणसं. साहेबांच्या घरून आलेली कळशीही त्यांनी रांगेतच ठेवली. त्यांची स्वतःची कळशी रांगेत सर्वांत शेवटी असे आणि पुष्कळदा रिकामीच घरी जाई. मला त्यांचा रागही यायचा. एवढं ताठ राहून माणसाला मिळतं काय, असं मी एकदा त्यांना तोंडावर म्हटलं होतं. ते म्हणाले, पाठ दुखत न्हाई.

आता ती गोष्ट.

डिसेंबरात पुतणीच्या लग्नाला अप्पा पाच दिवस देगलूरला गेले. जाताना गोल बटण माझ्या हातात दिलं. म्हणाले, बाई, कुणाला देऊ नका. शनिवारी सकाळी वीज गेली, ती दहाला आली. खोली सोळावर उतरलेली. वरून फोन येत होते, निकाल कधी देता, निकाल कधी देता. साहेब उभे राहून फोनवर बोलले आणि मग माझ्याकडे हात पसरला. मी बटण दिलं. त्यांनी पस्तिसावर फिरवलं, खोली तापली की परत आणा म्हणून मला सांगितलं आणि बैठकीला गेले. दुपारी कचेरी बंद करताना मी बटण पंचविसावर आणलं आणि कुलूप लावलं. तिसरी टक बंद झाली की नाही, ते ऐकायला मी थांबले नाही.

सोमवारी दार उघडलं तर भट्टीचं तोंड उघडल्यासारखी हवा अंगावर आली. थर्मामीटर चव्वेचाळीस. कागदाच्या गुंडाळ्या वाळून पापडासारख्या कडक झाल्या होत्या. विजेचा भरवसा नसल्यामुळे खिडकीत आम्ही एक मेणबत्ती उभी करून ठेवलेली असे, तिनं मान टाकली होती. साहेबांनी यंत्र बंद केलं, ते अप्पा येईपर्यंत बंदच राहिलं, खिडक्या उघडल्या, कागद पुन्हा भिजवायला लावले. दुपारपर्यंत खोली ताळ्यावर आली. मग राहिली तापमानाची नोंदवही. आमच्याकडे एक पद्धत पडून गेली होती. रविवारी कचेरी बंद, म्हणून रविवारचा रकाना सोमवारी सकाळी भरायचा, आणि तिथं दर वेळी पंचवीसच लिहायचं. कुणी सांगितलेलं नव्हतं, मी आले तेव्हापासून तसंच चाललं होतं. मी रविवारच्या रकान्यात पंचवीस लिहिलं. वाकलेली मेणबत्ती टेबलाच्या खणात टाकली.

बुधवारी निलंगा तालुक्यातल्या एका गावच्या ज्वारीचा दहावा दिवस होता. मी मोजलं. शंभरात एक्केचाळीस. नापास. त्याच दिवशी कागद टपालात पडला.

गुरुवारी अप्पा आले, हातात लग्नातल्या लाडवांचा डबा. डबा ठेवला, लिंगाची डबी आतल्या खिशात टाकली आणि वर गेले. पाऊण तासानं उतरले तेव्हा तळहातावर तांब्याचे दोन काळे तुकडे होते. कॉइलींना वीज देणाऱ्या खटक्याचे हे दोन तुकडे वितळून एकमेकांना चिकटले होते. बटण मागे आणलं तरी कॉइली चालूच राहिल्या असणार, शनिवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत. त्यांनी नोंदवही उघडली. रविवारवर बोट ठेवलं.

"बाई, हे पंचवीस कुणी बगितलं?"

मी म्हटलं, कुणीच नाही, आपण सोमवारी भरतो. ते रागावले नाहीत. त्या खोलीत तेव्हा कुणाकुणाचं बी होतं, एवढंच विचारलं. मी वाचून दाखवलं आणि एक्केचाळीसचा आकडाही सांगितला. लाडवांचा डबा तसाच राहिला.

साहेबांकडे ते एकटे गेले, पण दार उघडं होतं, सगळ्या कचेरीनं ऐकलं. अप्पांचं म्हणणं एकच. प्रत्येक नमुन्याचा राखीव भाग कपाटात सीलबंद असतो, तो काढून परत लावा. साहेब म्हणाले, दुष्काळातलं बियाणं आहे, दाणा हलका, ते नापासच व्हायचं होतं. अप्पा म्हणाले, मग परत लावायला भ्यायचं कशाला, नापास झालं तर मी राजीनामा देतो. साहेबांची अडचण वेगळी होती. परत लावायचं म्हणजे कारण लिहायचं. कारण लिहायचं म्हणजे त्या दिवशी खोलीत असलेल्या सगळ्याच नमुन्यांचे निकाल खोटे ठरतात. नव्या जिल्ह्याची नवी प्रयोगशाळा, वर काय तोंड दाखवायचं? त्यांनी अप्पांना स्वतःच्या कामापुरतं बोलायला सांगितलं.

अप्पा स्वतःच्या कामाला लागले. यंत्राची वही काढली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं की रविवारी खटका चिकटून खोली तापली होती, त्या दिवशी खोलीत असलेल्या कुठल्याच बियाण्याचा निकाल धरू नये, आणि फेरतपासणीचा हुकूम होईपर्यंत यंत्र आजारी समजावं. खाली सही. पानावर छापील आकडा, फाडायची सोय नाही. मग त्यांनी मुख्य फ्यूज काढून खिशात टाकला आणि गच्चीवर जाऊन बसले. यंत्र बंद म्हणजे नवा नमुना लावणं बंद, म्हणजे सबंध जिल्ह्याचं बियाण्याचं काम बंद. शिपाई बोलवायला गेला तो एकटाच परत आला. दुसऱ्या दिवशी अप्पा वेळेवर आले, हजेरीपटावर सही केली आणि जेवणाचा डबा घेऊन पुन्हा वर. साहेब अंगणात उभे राहून निलंबनाचं बोलले. आम्ही सगळे खाली माना घालून कागद चाळत होतो. मी तर चाळलेलेच पुन्हा चाळत होते.

त्या दुपारी सुगलाबाई आल्या. निलंग्याकडच्या ज्या गावची ज्वारी नापास झाली, त्या गावचं बियाण्याचं रान यांच्या विहिरीवर होतं. साठी उलटलेली, काटक बाई, कपाळाला विभूती, हातात आमचा कागद. बी यंत्रात तपासतात एवढं ऐकून आलेल्या त्यांनी यंत्रवाले कुठं आहेत म्हणून विचारलं. कुणीतरी वर बोट दाखवलं, तर त्या थेट लोखंडी शिडी चढायला लागल्या. पडतील म्हणून मी मागोमाग गेले.

अप्पांनी त्यांना स्वतःखालचं पोतं बसायला दिलं. त्या बसल्या नाहीत.

"दोन साल मानसाला कमी पाजलं न् ह्या जोंधळ्याला पाजलं," त्या म्हणाल्या. "सात गावं मिरगाची वाट बगून राहिलेत. पेरायला दुसरं बी न्हाई कुणाकडं. ह्यो कागद म्हनतो, बी मेलं. खरं सांगा, मेलंय का?"

"बी जित्तं हाय, अक्का," अप्पा म्हणाले. "खोली मेली होती."

सुगलाबाईंनी कागदाची घडी उलगडून पुन्हा नीट पाहिली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण आपल्या गावाचं नाव कुठं आहे ते कुणीतरी दाखवलेलं असावं. तिथं अंगठा ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. मी कोण, हे त्यांना माहीत नव्हतं.

"मग खोली मेली आसं लिवायचं की, बाई. आमच्या नावावर का लिवलं?"

मी शिडी उतरले. खणातली मेणबत्ती काढली, साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, ही सोमवारी अशी सापडली. रविवारचं पंचवीस मी न बघता लिहिलंय. वर विचारलं तर हेच सांगणार. एवढं बोलायला मला चार दिवस लागले होते आणि वर एक सातवी शिकलेला माणूस तेच काम पहिल्या तासात करून मोकळा झाला होता.

साहेबांनी मेणबत्ती उचलली, फिरवून पाहिली. बटण त्यांनीच मागितलं होतं, हे ते विसरले असतील असं मला वाटत नाही. मग त्यांनी कागद ओढला आणि सगळ्या नमुन्यांच्या फेरतपासणीचा हुकूम स्वतःच्या हातानं लिहिला. कारण म्हणून लिहिलं, यंत्रातील बिघाड. मला म्हणाले, हा घेऊन गच्चीवर जा.

अप्पांनी फ्यूज परत बसवला आणि पुढचे दहा दिवस खोली अशी सांभाळली की मला त्या थर्मामीटरची कीव यायला लागली. दोन्ही रविवारी ते आले. दोन्ही रविवारी मीही गेले. दहाव्या दिवशी सुगलाबाई सकाळच्या गाडीनं येऊन दारापाशी बसल्या होत्या. मी गुंडाळी उलगडली आणि मोजायला लागले. शंभरात शहाऐंशी. मी पुन्हा मोजलं. शहाऐंशीच.

सुगलाबाई रडल्या वगैरे नाहीत. नवा कागद घेतला आणि जुना फाडायला निघाल्या. अप्पांनी त्यांचा हात धरला. म्हणाले, फाडू नका अक्का, दोन्ही ठेवा, उद्या कुणी बोललं तर दोन्ही दाखवा. मग ते लग्नातले लाडू काढले. पंधरा दिवसांचे झाले होते, दगडासारखे. सुगलाबाईंनी दाढेखाली धरून फोडला आणि देगलूरच्या आचाऱ्यांना पाक जमत नाही असं मत दिलं.

दोन महिन्यांत अप्पांची बदली झाली. हिमायतनगरला, बियाण्याच्या एका गुदामावर. तिथं यंत्र नव्हतंच, नुसतं पत्र्याचं शेड. कचेरीत सगळे म्हणाले, अप्पा, अर्ज करा, साहेबांना जाऊन भेटा, एक शब्द टाका. मीही म्हणाले. त्यांनी फ्यूज कुठं, पाने कुठं, कुठल्या तारेला हात लावायचा नाही, एवढं मला दाखवलं आणि गोल बटण दिलं. अर्ज केला नाही. जाताना साहेबांना मात्र भेटले. आत काय बोलणं झालं माहीत नाही, पण साहेब त्यांना फाटकापर्यंत सोडायला आले होते. मला एक ताकीद मिळाली, ती माझ्या सेवापुस्तकात आहे. वाईट वाटलं नाही. उलट त्या पुस्तकात मी केलेलं असं तेवढंच काहीतरी आहे.

त्यानंतर रविवारचा रकाना मी कधी भरला नाही. एक-दोनदा तपासणीत विचारणा झाली. मी सांगितलं, त्या दिवशी कुणी बघितलं नव्हतं.

दोन-अडीच वर्षांनी नमुने आणायला मी हिमायतनगरला गेले. एप्रिल संपत आलेला, नांदेडहून निघालेली एसटी आतून तव्यासारखी तापलेली. गुदामावर अप्पा भेटले. वाळले होते, केस पांढरे. गुदामाच्या रक्षकानं मला बाजूला घेऊन त्यांची गाऱ्हाणी सांगितली. पोती पत्र्याच्या भिंतीपासून हातभर लांब लावायला लावतात, हमाल वैतागतात, पत्र्याला चुना मारायची मंजुरी मागून मागून वरच्यांचं डोकं खाल्लं. अप्पा ऐकत होते. त्याचं झाल्यावर म्हणाले, पत्र्याखाली बी शिजून राहिलंय, बाई, मंजुरी यायला पाऊस येईल.

मग सुगलाबाईंचं विचारलं. मी सांगितलं, सातही गावांत तेच बी पेरलं, मीच पाहून आले, कणसं चांगली भरली होती. ते म्हणाले, "शंभरात किती उगवलं?" मी हसून म्हटलं, रानात कोण मोजतं, अप्पा. ते हसले नाहीत. "मोजाया पायजे," म्हणाले आणि नमुन्याच्या पिशव्या माझ्या हातात दिल्या.

परतीची एसटी गुदामाच्या समोरूनच जाते. मी खिडकीपाशी बसले होते. अप्पा शेडच्या छपरावर चढलेले दिसले, अंगात बनियन, डोक्याला ओला पंचा, शेजारी चुन्याची बादली. खाली रक्षक दोन्ही हात वर करून ओरडत होता. मंजुरी आलेली नव्हती, हे मला तासाभरापूर्वीच कळलं होतं. अप्पांनी एकदा खाली पाहिलं, कुंचला बादलीत बुडवला आणि पुढच्या पत्र्यावर सरकले. गाडी वळली तेव्हा निम्मं छप्पर पांढरं झालं होतं.